घरचे व्हिडिओ डिस्कवर उतरवताना: कोणता फॉरमॅट कोणासाठी

घरच्या व्हिडिओची डिस्क करायला बसले की बहुतेकांचा पहिला प्रश्न फाइलबद्दल असतो: ही एमपी४ आहे, ती एमटीएस आहे, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली तिसरीच काही एव्हीआय आहे, तर आता कोणत्या फॉरमॅटमध्ये बर्न करायचे? नुसत्या फाइलकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. डिस्क ज्या यंत्रात लावली जाणार आहे ते यंत्र काय वाचू शकते, यावर फॉरमॅट ठरतो. मावशीकडे टीव्हीखाली ठेवलेला जुना डीव्हीडी प्लेअर, भाच्याच्या लॅपटॉपला जोडलेला यूएसबी रायटर आणि अमेरिकेतल्या चुलत भावाचा ब्लू-रे प्लेअर या तिघांवर एकच डिस्क चालेलच असे नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डिस्क कोणाकोणाकडे जाणार आहे ते कागदावर लिहावे आणि प्रत्येकापुढे त्याच्याकडचे यंत्र लिहावे. पुढचे निम्मे निर्णय त्या कागदावरूनच होतात.

डेटा डिस्क की व्हिडिओ डिस्क

बर्न करण्याचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की ते सुरुवातीलाच विचारते की डेटा डिस्क करायची आहे की व्हिडिओ डिस्क, आणि घाईत असलेला माणूस नेमका हाच प्रश्न न वाचता पुढे जातो. डेटा डिस्कवर फाइल जशी आहे तशी उतरते: तिचे नाव, तिचा आकार, तिचा दर्जा काहीही बदलत नाही. व्हिडिओ डिस्क करताना मात्र फाइल सहसा नव्याने एन्कोड होते, म्हणजे तिचे चित्र-आवाज दुसऱ्या पद्धतीने पुन्हा दाबून साठवले जातात, ठरावीक नावांच्या तुकड्यांत विभागली जाते आणि ठरावीक फोल्डरमध्ये मांडली जाते, कारण टीव्हीला जोडलेल्या प्लेअरला तीच मांडणी कळते.

डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा १९९६ साली जपानमध्ये विक्रीला आले आणि त्या काळी ठरलेली डीव्हीडी-व्हिडिओची मांडणी आजही तशीच आहे. डिस्क आत गेली की प्लेअर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर शोधतो, त्यातल्या आयएफओ फाइली वाचून मेनू आणि प्रकरणे कुठे आहेत ते समजून घेतो आणि मग व्हीओबी फाइलींमधले चित्र दाखवू लागतो. हे फोल्डर नसेल, तर डिस्कवर कितीही सुंदर एमपी४ असली तरी त्याच्या दृष्टीने डिस्क रिकामी किंवा चुकीची असते. नंतरच्या काळातल्या अनेक प्लेअरवर डिव्हएक्सचे चिन्ह असते आणि ते डेटा डिस्कवरच्या काही एव्हीआय फाइली चालवतात, पण तो आधार बहुधा जुन्या कोडेकपुरताच, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या जुन्या पद्धतींपुरताच असतो. मोबाइलवर घेतलेली एच.२६४ किंवा एचईव्हीसी या नव्या कोडेकची फाइल त्यांना सहसा पेलत नाही. ‘संगणकावर छान चालते, टीव्हीवर मात्र डिस्क एरर येतो’ या तक्रारीमागे दहापैकी नऊ वेळा हेच कारण असते.

व्हिडिओ डिस्क नीट तयार झाली आहे की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे. संगणकात डिस्क उघडून पाहावी. व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन प्रकारच्या फाइली दिसल्या आणि मोठी व्हीओबी साधारण एकेक जीबीच्या तुकड्यांत कापलेली असली, तर मांडणी बरोबर आहे. हे तुकडे पाहून ‘माझा व्हिडिओ तुटला’ असे समजून घाबरणारे पुष्कळ जण भेटतात. एका व्हीओबीचा आकार एक जीबीपेक्षा जास्त असू नये असा नियमच आहे आणि प्लेअर ते तुकडे सलग चालवतो.

डेटा डिस्क आणि व्हिडिओ डिस्क यांपैकी एकच करायची असेल तर निवड अवघड होते, आणि माझ्या मते एकच करूच नये. डीव्हीडी-व्हिडिओ करताना चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंपर्यंत खाली येते आणि एमपेग-२ या डीव्हीडीच्या कोडेकमध्ये पुन्हा दाबले जाते, म्हणजे मोबाइलच्या फुल एचडी चित्रातला बराच तपशील कायमचा जातो. ही डिस्क पाहण्यासाठी ठीक आहे, जतनासाठी नाही. मूळ फाइली डेटा डिस्कवर आणि शिवाय एका हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांसाठी व्हिडिओ डिस्क वेगळी करावी. मूळ फाइल याचा अर्थ कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून थेट घेतलेली फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल वाटेत दाबली गेलेली असते, म्हणून कोणाकडून चित्रण मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

डीव्हीडी-व्हिडिओ: वेळेचे गणित

एका थराच्या कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि विंडोज मात्र ४.३८ जीबीच जागा दाखवते. त्यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच फरक आहे. या जागेत किती मिनिटे बसतील हे ठरलेले नसते. डिस्कच्या वेष्टनावर छापलेली १२० मिनिटे हा केवळ एक अंदाज असतो. प्रत्यक्षात ते बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाच्या चित्रासाठी आपण किती जागा देतो यावर अवलंबून असते.

हिशेब कागदावर करता येतो. ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. त्यातले पाच टक्के मेनू आणि इतर मांडणीसाठी सोडले तर सुमारे ३५,७०० उरतात. त्याला कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागावे. दीड तासाच्या मुंजीसाठी, म्हणजे ५,४०० सेकंदांसाठी, सेकंदाला साधारण ६.६ मेगाबिट मिळतात आणि चित्र चांगले येते. दोन तासांना सुमारे ५ मेगाबिट मिळतात, तेही चालण्यासारखे असते. तीन तासांना जेमतेम ३.३ मेगाबिट उरतात आणि तेव्हा वरातीतल्या नाचाच्या दृश्यात, फुलांच्या उधळणीत किंवा रोषणाईच्या फटाक्यांत चित्राचे चौकोन दिसू लागतात. एक तासाच्या कार्यक्रमाला या हिशेबाने जवळपास १० मेगाबिट येतात, पण ते सगळे वापरू नयेत. डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल मर्यादा ९.८ असली, तरी घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर एवढ्या वेगाने वाचताना अडखळतात. कमाल मर्यादा ८ वर ठेवावी आणि उरलेली जागा रिकामी राहू द्यावी.

या हिशेबात आवाज विसरला जातो. काही सॉफ्टवेअर आपण न सांगता आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवतात आणि तो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. दोन तासांच्या डिस्कवर पाच मेगाबिटांपैकी दीड आवाजाला गेले की चित्राला साडेतीनच उरतात. आवाजासाठी एसी-३ हा दाबलेल्या आवाजाचा प्रकार निवडून १९२ किंवा २५६ किलोबिट दिले तर मंगलाष्टके, सनई, भाषणे सगळे स्वच्छ ऐकू येते. पीसीएम राखून ठेवावे ते गाण्याच्या बैठकीसाठी, तेही कार्यक्रम तासाभराचा असेल तर.

कार्यक्रम फारच लांब असेल तर दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क घ्यावी असे सुचते. मी ती टाळतो. पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर क्षणभर थांबतो, काही जुने प्लेअर तिथेच अडकून बसतात, आणि या डिस्कची किंमतही अधिक असते. त्यापेक्षा एका थराच्या दोन डिस्क कराव्यात आणि कार्यक्रमाच्या नैसर्गिक जोडावर कापावे: सीमंतपूजनापासून मंगलाष्टकांपर्यंत पहिली, सप्तपदीपासून वरातीपर्यंत दुसरी. मोठ्या माणसांना मेनूमध्ये शोधत बसण्यापेक्षा ‘दुसरी डिस्क लाव’ हे कळायला सोपे जाते.

पॅल, एनटीएससी आणि परदेशातले नातेवाईक

नवा प्रकल्प उघडताना सॉफ्टवेअर पॅल की एनटीएससी हे विचारते. या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत. भारतात पॅल चालत आले, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे आणि ५७६ ओळी. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये एनटीएससी आहे: सेकंदाला २९.९७ चित्रे आणि ४८० ओळी. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर दोन्ही प्रकार चालवतात. अमेरिकेत विकले गेलेले प्लेअर मात्र बहुधा एनटीएससीपुरतेच असतात, आणि त्यामुळे न्यू जर्सीला प्रेमाने पाठवलेली लग्नाची डिस्क तिथल्या टीव्हीवर लागत नाही. आखाती देशांत आणि इंग्लंडमध्ये पॅलचीच पद्धत असल्यामुळे तिकडे ही अडचण येत नाही. रीजन कोडची, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालावी हे ठरवणाऱ्या क्रमांकाची, चिंता करण्याचे कारण नाही. भारताचा रीजन पाच आहे, पण ती अट विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या डिस्कसाठी असते. घरी केलेल्या डिस्कवर रीजनचे बंधन घालायचेच नसते.

आता यात एक बारकावा आहे. मोबाइल सहसा सेकंदाला ३० चित्रे घेतो. त्यावरून पॅलची डिस्क केली की दर सहा चित्रांतले एक गाळावे लागते आणि कॅमेरा आडवा फिरवलेल्या दृश्यात सूक्ष्म झटके दिसतात. म्हणून चित्रण मोबाइलवरचे असेल आणि घरचा प्लेअर दोन्ही प्रकार चालवत असेल, तर भारतातही एनटीएससी डिस्क करणे अधिक चांगले, आणि तीच डिस्क अमेरिकेलाही जाते. ओळी ५७६ वरून ४८० वर येतात हे खरे, पण हालचाल गुळगुळीत राहते आणि बैठकीतल्या टीव्हीवर पाहणाऱ्याला ओळींपेक्षा झटका आधी जाणवतो. याउलट हँडीकॅमच्या पॅल कॅसेटवरचे चित्रण एनटीएससीत बदलण्याच्या फंदात पडू नये. २५ चे २९.९७ करताना चित्र धूसर आणि लटपटते होते. तिकडच्या नातेवाइकांना त्याची एमपी४ करून पेनड्राइव्हवर द्यावी किंवा डिस्क संगणकावर पाहायला सांगावी, कारण संगणकाला पॅल आणि एनटीएससी दोन्ही सारखेच.

मोबाइलच्या फाइलीत आणखी एक खोडी असते. उजेड कमी झाला की मोबाइल चित्रांचा वेग आपोआप कमी-जास्त करतो, आणि डिस्कच्या सॉफ्टवेअरला हा बदलता वेग नेहमीच कळतो असे नाही. मग सुरुवातीला जुळलेला आवाज अर्ध्या तासानंतर ओठांच्या मागे पडतो. उपाय म्हणून हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल आधी स्थिर वेगाची करून घ्यावी, दर्जा चढा ठेवावा आणि मग ती डिस्कच्या सॉफ्टवेअरला द्यावी. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी तयार करत नाही, हे लक्षात ठेवावे.

उभ्या धरलेल्या मोबाइलचे चित्रण असेल तर डीव्हीडीचा मोह सोडलेलाच बरा. १०८० बिंदू रुंदीचे उभे चित्र रुंद पडद्याच्या चौकटीत मधोमध बसवले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि डिस्कवरच्या ७२० बिंदूंपैकी फक्त २२८ च्या आसपास त्याच्या वाट्याला येतात. बाळाचा चेहरा ओळखू येतो, एवढेच. अशा फाइली डेटा डिस्कवर मूळ रूपात ठेवाव्यात आणि टीव्हीवर दाखवायच्याच असतील तर पेनड्राइव्हवरून दाखवाव्यात.

जुन्या कॅसेटी आणि लग्नाच्या व्हीसीडी

पुष्कळ मराठी घरांत १९९० च्या दशकातली लग्ने व्हीएचएस कॅसेटवर आहेत आणि त्यानंतरची व्हीसीडीवर, म्हणजे व्हिडिओ सीडीवर. व्हीसीडीचा नमुना १९९३ साली ठरला. पॅलमध्ये तिचे चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे, एमपेग-१ या जुन्या कोडेकमध्ये, आणि एका सीडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटे, म्हणून एका लग्नाच्या तीन-तीन सीडी. आज नवीन व्हीसीडी करण्याला काही अर्थ उरलेला नाही. एसव्हीसीडी नावाचा मधला प्रकार तर आपल्याकडे फारसा रुळलाच नाही.

पण जुन्या व्हीसीडी वाचवणे हे काम करण्यासारखे आहे, आणि इथे फॉरमॅटची माहिती थेट उपयोगी पडते. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमात ३५२ बाय २८८ चे एमपेग-१ चित्र चालते. त्यामुळे सीडीवरच्या एमपेगएव्ही फोल्डरमधल्या डीएटी फाइली संगणकावर उतरवून, चित्राला हात न लावता, डीव्हीडीवर ठेवता येतात. बदलावा लागतो तो फक्त आवाज, कारण व्हीसीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. डीव्हीडीस्टायलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन चित्रासाठी ‘कॉपी’ निवडावे आणि आवाज एसी-३ करावा. चित्र पुन्हा दाबले जात नाही, आहे तेवढे तरी शिल्लक राहते, आणि तीन सीडींचे लग्न एका डीव्हीडीवर मावून वर जागाही उरते. चित्र ‘मोठे’ करून ७२० बाय ५७६ करण्याचा आग्रह धरू नये. त्याने तपशील वाढत नाही, फक्त दाबणुकीचे डाग मोठे होतात.

व्हीएचएसबाबतही असाच एक मधला मार्ग आहे. या कॅसेटवरचे चित्र आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींच्या तपशिलाचे असते, त्यामुळे ७२० बिंदूंची रुंदी त्याला वाया जाते. डीव्हीडी-व्हिडिओत ३५२ बाय ५७६ हा आकारही मान्य आहे. तीन तासांची कॅसेट या आकारात सुमारे ३ मेगाबिटांवर ठेवली तर ती पूर्ण आकाराच्या, तेवढ्याच बिटरेटच्या डिस्कपेक्षा स्वच्छ दिसते.

मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर या केबलने संगणकावर उतरवली की तासाला सुमारे १३ जीबीची डीव्ही फाइल तयार होते. ती एका डीव्हीडीवर मावत नाही. मूळ प्रत म्हणून ती हार्ड डिस्कवरच ठेवावी. तिच्यावरून डिस्क करताना एका बाबतीत डोळे उघडे ठेवावेत. या कॅमेऱ्यांचे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन संचांत (फील्डमध्ये) येते आणि डीव्हीमध्ये खालचा संच आधी असतो. सॉफ्टवेअरने वरचा संच आधी मानला तर स्थिर दृश्य ठीक दिसते, पण कोणी हात हलवला, पदर सावरला की त्या हालचालीला मागे-पुढे कंप सुटल्यासारखा दिसतो. संगणकाच्या पडद्यावर हा दोष बऱ्याचदा लपतो, टीव्हीवर लगेच दिसतो. असा कंप दिसला तर बिटरेट वाढवून उपयोग नाही. फील्डचा क्रम ‘खालचा आधी’ असा ठरवून डिस्क पुन्हा करावी.

ब्लू-रे आणि एव्हीसीएचडी

फुल एचडी चित्र डिस्कवरूनच टीव्हीवर दाखवायचे असेल तर ब्लू-रे लागते. एका थरावर २५ जीबी आणि दोन थरांवर ५० जीबी मावतात. त्यासाठी ब्लू-रे लिहिणारा रायटर आणि समोर ब्लू-रे प्लेअर दोन्ही हवेत, आणि आपल्याकडे हा प्लेअर फारच थोड्या घरांत पोहोचला. मोबाइलवर सेकंदाला ६० चित्रांचे फुल एचडी चित्रण घेतले असेल तर ते ब्लू-रेच्या मूळ नियमात बसत नाही. ते ७२० ओळींचे करावे म्हणजे ६० चित्रे राखता येतात. एचईव्हीसीची फाइलही आधी एच.२६४ करावी लागते. चार-केचे चित्रण असेल तर मूळ फाइली कोऱ्या ब्लू-रेवर डेटा म्हणून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग.

एव्हीसीएचडी हा सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला प्रकार आहे. त्यात एच.२६४ चे एचडी चित्र साध्या डीव्हीडीवर लिहिता येते, म्हणून तो आकर्षक वाटतो. पण ही डिस्क ब्लू-रे प्लेअरवर चालते, साध्या डीव्हीडी प्लेअरवर नाही. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत तर असा इशारा असतो की ती साध्या प्लेअरमध्ये घातली तर बाहेर न येण्याची शक्यता आहे. ज्याच्याकडे ब्लू-रे प्लेअर आहे हे पक्के ठाऊक आहे त्यालाच ती द्यावी आणि वर ठळक अक्षरांत तसे लिहावे. एव्हीसीएचडी कॅमेऱ्याचे कार्ड जतन करताना सुट्या एमटीएस फाइली वेचू नयेत. सगळे फोल्डर जसेच्या तसे उचलावे. लांब चित्रण कार्डावर तुकड्यांत असते आणि ते तुकडे कसे जोडायचे याची नोंद बाजूच्या छोट्या फाइलींत असते.

कोरी डिस्क निवडणे आणि लिहिणे

डीव्हीडी-आर १९९७ मध्ये आली, डीव्हीडी+आर २००२ मध्ये. आजचे रायटर दोन्ही लिहितात. जुन्या प्लेअरसाठी माझा कल वजावाल्या (डीव्हीडी-आर) डिस्ककडे असतो. अधिकवालीही चालू शकते, विशेषतः रायटरमध्ये तिची नोंद डीव्हीडी-रॉम, म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क, म्हणून करण्याची सोय असेल तर. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू वाटण्यासाठी वापरू नये, कारण तिचा परावर्तित प्रकाश क्षीण असतो आणि जुने प्लेअर ती ओळखत नाहीत. मात्र चाचणीसाठी तिच्यासारखी डिस्क नाही: मेनू, प्रकरणे, फील्डचा क्रम सगळे तिच्यावर लिहून घरच्या टीव्हीवर पाहावे, चुकले तर पुसून पुन्हा लिहावे आणि मनासारखे झाल्यावरच कायमच्या डिस्क कराव्यात.

लिहिताना आधी आयएसओ प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, हार्ड डिस्कवर तयार करावी आणि मग ती इमेजबर्नसारख्या साध्या सॉफ्टवेअरने डिस्कवर उतरवावी. दहा प्रती काढायच्या असतील तर एन्कोडिंग एकदाच होते आणि सगळ्या प्रती एकसारख्या येतात. १६ पटीच्या डिस्कवर ८ पटीचा वेग बेताचा असतो. ‘व्हेरिफाय’ची, म्हणजे लिहिलेले पुन्हा तपासून पाहण्याची, खूण काढू नये, वेळ दुप्पट लागला तरी चालेल. डिस्क फायनलाइज केली नाही, म्हणजे लिहिणे संपल्यावर ती बंद केली नाही, तर ती फक्त लिहिलेल्या रायटरलाच कळते आणि प्लेअर तिला कोरीच समजतो.

डेटा डिस्कसाठी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, यूडीएफ निवडावी. जुन्या आयएसओ ९६६० पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल नीट बसत नाही आणि लांब नावेही कापली जातात. फाइलींची नावे मात्र इंग्रजी अक्षरांत आणि तारखेपासून सुरू होणारी ठेवावीत. देवनागरी नाव संगणक दाखवतो, पण टीव्ही आणि प्लेअर त्या जागी बऱ्याचदा नुसते चौकोन दाखवतात.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. ते किंचित जरी वाकडे बसले तरी फिरताना तोल जातो आणि दमट हवेत त्याची कड सुटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डिस्क कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला न ठेवता, कडक डब्यात उभी, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावी. दोन प्रती दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर लिहाव्यात, म्हणजे एक खेप सदोष निघाली तरी दुसरी राहते. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले, तेव्हा पुढेही याच डिस्क दुकानात मिळतील असे धरून चालू नये. हार्ड डिस्कवरची प्रत म्हणूनच आवश्यक आहे.

डिस्कवर लिहायला अल्कोहोल नसलेले, मऊ टोकाचे मार्कर पेन घ्यावे आणि मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहावे. केवळ ‘लग्न’ असे लिहिणे पुरेसे नाही. कोणाचे, कोणत्या तारखेचे, कितव्या क्रमांकाची डिस्क, पॅल की एनटीएससी, आणि ‘टीव्हीसाठी’ की ‘मूळ फाइली, फक्त संगणकासाठी’ एवढे लिहावे. दोन्ही प्रकारच्या डिस्क दिसायला सारख्याच असतात, आणि टीव्हीवर न लागलेली डेटा डिस्क बिघडलेली समजून टाकून देणारे घरात कोणीतरी असतेच.